मोतीबागेतली राजपुत्रांची शाळा, आजचे महाराजा फत्तेसिंह म्युझियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात पाहुणे आले की त्यांना लक्ष्मीविलास राजवाडा दाखवायला न्यायचे, हा इथल्या मराठी घरांचा ठरलेला कार्यक्रम. राजवाडा पाहून झाला की त्याच आवारातल्या म्युझियममध्येही नेतात, आणि तिथे रविवर्म्यांची चित्रे पाहून मंडळी बाहेर पडतात. ज्या इमारतीत ती चित्रे आहेत ती एकेकाळी शाळा होती, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसते. या इमारतीविषयी पुणे-मुंबई-नाशिककडून येणारे नातेवाईक, इथले शिक्षक आणि शाळकरी मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह खाली दिले आहेत. राजवाड्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. शाळेबद्दल फार कमी लिहिले जाते, म्हणून इथे भर शाळेवर आहे.

'बडोद्याचे म्युझियम' म्हणतात ते हेच का?

नाही, आणि ही गफलत रोज होते. रिक्षावाल्याला नुसते 'म्युझियम' सांगितलेत तर तो तुम्हाला सयाजीबागेत, म्हणजे जुन्या बडोदेकरांच्या कमाटीबागेत, नेऊन सोडेल. तिथले बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरी हे वेगळे संग्रहालय आहे. ते खुद्द तिसऱ्या सयाजीरावांनी उभे केले. इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली आणि शेजारची चित्रशाळा १९२१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. इजिप्तची ममी, निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती पाहायच्या असतील तर तिथे जायचे. ते संग्रहालय सरकारी आहे.

आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते महाराजा फत्तेसिंह म्युझियम लक्ष्मीविलासच्या आवारात, मोतीबागेच्या बाजूला आहे. रिक्षात बसताना 'राजवाड्यातले फत्तेसिंह म्युझियम' असे पूर्ण नाव सांगा. दोन्ही पाहण्यासारखी आहेत, फक्त एकाच दिवशी कोंबू नका.

ही इमारत मुळात कशासाठी बांधली?

महाराजांच्या मुलांच्या शाळेसाठी. मोतीबाग शाळा या नावाने ती ओळखली जाई. राजघराण्यातली मुले राजवाड्यातून इथे शिकायला येत. म्हणजे शाळा घरापासून वेगळी होती, पण घराच्या कुंपणाच्या आतच होती. राजवाड्यातल्याच एखाद्या दालनात पंतोजी बोलावून मुलांना शिकवता आले असते, आणि पिढ्यानपिढ्या संस्थानिकांकडे तसेच चालत आले होते. त्याऐवजी मुलांनी सकाळी उठून, आवरून, घराबाहेर पडून शाळेत जायचे, असा शिरस्ता इथे घातला गेला. मला या इमारतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

म्हणजे ही इंग्रजांनी बांधलेली शाळा म्हणायची का?

काळ इंग्रजांचा, पण शाळा गायकवाडांची. हा फरक समजायला थोडे मागे जावे लागते.

बडोदे हे संस्थान होते. राज्य गायकवाडांचे, पण शहरात इंग्रज रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, ठाण मांडून बसलेला. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना पदच्युत केले. रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला होता. चौकशी आयोगातल्या हिंदी आणि इंग्रज सदस्यांचे मत एक झाले नाही, तरी गैरकारभाराचे कारण पुढे करून त्यांना गादीवरून काढले. मग मल्हाररावांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच तिसरे सयाजीराव.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या मुलाचे शिक्षण जवळजवळ मुळाक्षरांपासून सुरू झाले. इंग्रजांनी त्यांच्यासाठी एफ. ए. एच. एलियट हा सनदी अधिकारी शिक्षक म्हणून नेमला. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना एकदम शिकाव्या लागल्या. सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, त्यांच्या हाती राज्याची सूत्रे आली.

या माणसाने पुढे आपल्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था स्वतःच्या नजरेखाली ठेवली, यात आश्चर्य नाही. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांसाठी राजकोटचे राजकुमार कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज, इंदूरचे डेली कॉलेज अशा संस्था निघाल्या होत्या, आणि त्यांच्यावर इंग्रज सरकारचा वरचष्मा होता. मोतीबागेतली शाळा मात्र गायकवाडांच्या स्वतःच्या आवारातली, त्यांच्या स्वतःच्या खर्चाची होती. शिक्षक कोण असावा, मराठ्यांचा इतिहास शिकवायचा की नाही, कोणत्या दृष्टीने शिकवायचा, हे बडोद्यातच ठरत होते.

लक्ष्मीविलास राजवाडा आणि ही शाळा एकाच वास्तुरचनाकाराची का?

शाळा कोणी आखली हे इथे सांगता येत नाही, राजवाड्याचा इतिहास मात्र ठाऊक आहे तो असा. मेजर चार्ल्स मँट याने आराखडे केले, १८७८ मध्ये काम सुरू झाले, मँट १८८१ मध्ये मरण पावला आणि रॉबर्ट फेलोज चिझम याने १८९० पर्यंत ते पुरे केले. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई, ज्या इथे पहिल्या चिमणाबाई झाल्या, त्यांच्या नावावरून 'लक्ष्मीविलास'. शाळेला हा सगळा थाट लावून पाहू नये. राजवाडा पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून बांधला होता. शाळा मुलांनी शिकावे म्हणून बांधली.

या पिढीत कोण कोण मुले होती?

सयाजीरावांना पहिल्या चिमणाबाईंपासून थोरले राजपुत्र फत्तेसिंहराव झाले (जन्म १८८३). १८८५ मध्ये पहिल्या चिमणाबाई वारल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी, म्हणजे दुसऱ्या चिमणाबाईंशी, महाराजांचा विवाह झाला. त्यांची मुले जयसिंहराव, शिवाजीराव, इंदिराराजे आणि धैर्यशीलराव.

शाळेनंतर ही मुले फार लांब गेली. फत्तेसिंहराव ऑक्सफर्डला, शिवाजीरावही ऑक्सफर्डला आणि तिथे क्रिकेट गाजवले. जयसिंहराव तर अमेरिकेत हार्वर्डला गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एखाद्या हिंदी राजाने मुलाला इंग्लंड सोडून अमेरिकेत पाठवणे साधी गोष्ट नव्हती.

पण या शाळेची गोष्ट सुखाची नाही. फत्तेसिंहराव १९०८ मध्ये ऐन पंचविशीत गेले. शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. चारपैकी तीन मुलगे वडिलांनी आपल्या डोळ्यांदेखत गमावले. सयाजीरावांनंतर १९३९ मध्ये गादीवर आले ते फत्तेसिंहरावांचे पुत्र, नातू प्रतापसिंहराव. संग्रहालयात घराण्याची व्यक्तिचित्रे बघताना हे मनात असू द्या. राजपुत्र म्हणून जे चेहरे दिसतात त्यांतल्या अनेकांना चाळिशीही पाहायला मिळाली नाही.

इंदिराराजेंची कथा बहुतेक मराठी घरांत ऐकलेली असते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी त्यांचे लग्न ठरले होते. १९११ मध्ये त्यांनी स्वतः पत्र लिहून ते मोडले आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लंडनमध्ये लग्न केले. जयपूरच्या गायत्रीदेवी या त्यांच्या कन्या. आपल्या लग्नाचा निर्णय आपण घ्यायचा आणि तो स्वतःच्या हाताने लिहून कळवायचा, एवढे बळ त्या मुलीला आले त्यात तिच्या शिक्षणाचा वाटा मोठा होता, असे मी ठामपणे म्हणेन.

राजपुत्रांना शिकवायला कोण होते?

मराठी वाचकाने हे उत्तर जरूर लक्षात ठेवावे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे बडोद्याच्या राजपुत्रांचे शिक्षक होते. १८८९ मध्ये ते सयाजीरावांचे वाचक म्हणून नोकरीला लागले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, त्यांचा सारांश काढायचा, असे ते काम. पुढे राजपुत्रांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. महाराजांबरोबर ते विलायतेलाही जाऊन आले.

राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नाही, ही अडचण त्यांना रोज भेडसावत होती. म्हणून त्यांनी स्वतः टिपणे काढायला घेतली. त्या टिपणांतूनच त्यांची रियासत उभी राहिली. १८९८ मध्ये पहिला ग्रंथ निघाला, पुढे मराठी रियासतीचे खंडामागून खंड आले. आज महाराष्ट्रात मराठ्यांच्या इतिहासावर कुणीही लिहायला बसला तर त्याला सरदेसायांच्या दारावरून जावेच लागते, आणि त्या कामाची पहिली गरज बडोद्याच्या राजघराण्यातल्या मुलांच्या इतिहासाच्या तासाने निर्माण केली. १९२५ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून ते कामशेतला स्थायिक झाले आणि तिथूनही लिहीत राहिले. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

चार-पाच मुलांच्या शिक्षणातून साऱ्या महाराष्ट्राला इतिहास मिळाला, ही गोष्ट संग्रहालयातल्या कोणत्याही चित्राइतकीच मोलाची आहे.

दारापाशी छोटे इंजिन ठेवले आहे, ते कशाचे?

मुलांचा हा सगळ्यात आवडता प्रश्न. राजवाड्याच्या आवारात एकेकाळी छोट्या रुळांची आगगाडी होती. तिचे रूळ आमराईतून जात आणि राजवाड्याला वळसा घालत. राजघराण्यातली मुले त्या गाडीने राजवाड्यातून शाळेत आणि शाळेतून राजवाड्यात जात-येत. रूळ गेले, पण इंजिन दुरुस्त करून संग्रहालयाच्या प्रवेशाशी ठेवले आहे.

हा नुसता श्रीमंती छंद म्हणून सोडून देऊ नका. बडोद्याचे रेल्वेशी नाते फार जुने. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, मियागाम ते डभोई हा अरुंद रुळांचा मार्ग टाकला गेला. सुरुवातीला त्यावर डबे ओढायला बैल जुंपत, १८७३ पासून वाफेची इंजिने नियमित धावू लागली. पुढे डभोई हे अरुंद मापाच्या रुळांचे मोठे जंक्शन झाले. शाळेच्या गाडीत बसलेल्या मुलांच्या राज्यात कापूस आणि धान्य असल्याच छोट्या गाड्यांतून बाजाराला जात होते.

राजाच्या मुलांना खास शाळा, मग रयतेच्या मुलांचे काय?

हा प्रश्न शाळकरी मुलेच विचारतात, मोठी माणसे नाही. प्रश्न अगदी रास्त आहे, त्यामुळे त्याचे उत्तर टाळता कामा नये.

राजपुत्र मोतीबागेत शिकत असतानाच, १८९३ मध्ये, सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. काही थोड्या गावांत आधी करून पाहायचे, अडचणी समजून घ्यायच्या, मग पुढे जायचे, अशी त्यांची रीत. १९०६ मध्ये सगळ्या राज्यात तो कायदा लागू झाला. मुलींनाही तो लागू होता. इंग्रजी मुलखात तेव्हा असे काही नव्हते. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला दिला, आणि तरी सरकारने ते मंजूर होऊ दिले नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी राज्याने स्वतः शाळा आणि वसतिगृहे काढली. १८९० मध्ये कलाभवन निघाले, तिथे कारागिरी आणि तंत्र शिकवले जाई. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली ती याच राज्याने.

ज्याने बाराव्या वर्षी अक्षरे गिरवली, त्याला अक्षराची किंमत पुरती कळली होती. आपल्या मुलांना उत्तम ते द्यायचे आणि इतरांना नशिबावर सोडायचे, असे त्याने केले नाही. राजपुत्रांची शाळा वेगळी होती हे खरे, ती समतेची शाळा नव्हती हेही खरे. पण ती एकटी पाहिली तर बडोद्यावर अन्याय होतो.

शाळेचे संग्रहालय कधी आणि कोणी केले?

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. प्रतापसिंहरावांनंतर घराण्याची धुरा त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव गायकवाड (१९३०–१९८८) यांच्याकडे आली. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष आणि खासदार म्हणून महाराष्ट्राला ते परिचित आहेत. वर उल्लेख आलेले थोरले राजपुत्र फत्तेसिंहराव हे त्यांचे आजोबा, त्यामुळे नावाचा घोळ होतो.

१९६१ मध्ये त्यांनी न्यास स्थापून घराण्याच्या कलासंग्रहाचे संग्रहालय केले आणि त्यासाठी मोतीबागेतली ही जुनी शाळा निवडली. ते साल लक्षात घ्या. संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे अजून चालू होते, ते बंद झाले १९७१ मध्ये. म्हणजे नाइलाज म्हणून किंवा पैशाची गरज पडली म्हणून संग्रह उघडा केला असे नव्हते. पुढच्या दशकांत अनेक संस्थानी घराण्यांच्या वस्तू लिलावात निघाल्या, भावाबहिणींच्या वाटण्यांत विखुरल्या, परदेशी गेल्या. बडोद्याचा हा संग्रह न्यासाच्या नावे एकत्र राहिला, त्याचे श्रेय या निर्णयाला आहे. त्यांच्यानंतर गादीवर आलेले त्यांचे धाकटे बंधू रणजितसिंहराव तर स्वतः चित्रकार होते, महाराजा सयाजीराव विद्यापीठातच कला शिकलेले.

रविवर्म्यांची इतकी चित्रे बडोद्यातच कशी?

टी. माधवराव बडोद्याला येण्याआधी त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळे किळिमानूरच्या या तरुण चित्रकाराची त्यांना ओळख होती. सयाजीरावांना अधिकार मिळाले त्या सुमारास रविवर्मा बडोद्याला आले, काही महिने राहिले आणि त्यांनी घराण्यातल्या व्यक्तींची चित्रे रंगवली.

मोठे काम आले १८८८ मध्ये. नव्या राजवाड्यासाठी पुराणांतल्या आणि महाभारत-रामायणातल्या प्रसंगांची १४ चित्रे हवी होती. मोबदला ठरला ५०,००० रुपये. त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. पैसे हातात घेऊन रविवर्मा लगेच रंगवायला बसले नाहीत. धाकटे भाऊ राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन ते उत्तर हिंदुस्थानात फिरले. द्रौपदी, दमयंती, सुभद्रा यांना नेसवायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. प्रांतोप्रांतीचे पोशाख पाहून त्यांनी साडी निवडली, आणि त्यात आपल्या नऊवारीचा ठसा किती आहे हे चित्रापुढे उभे राहिले की कुणाही मराठी बाईला सांगावे लागत नाही. कासोटा, पदर, नाकातली नथ. आपल्या आज्या-पणज्या त्या चित्रांत दिसतात.

१८९० पर्यंत चित्रे पुरी झाली. बडोद्यात ती लोकांना पाहायला ठेवली तेव्हा दर्शनाला लोटावी तशी गर्दी लोटली. देवळात ज्यांना पाऊल टाकू देत नसत त्यांनाही ही देवादिकांची रूपे डोळे भरून पाहता आली.

विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा, नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, कीचक-सैरंध्री, कंसमाया हे विषय इथल्या संग्रहाचे वैभव आहेत. एकच चित्र नीट पाहायला वेळ असेल तर मी कीचक-सैरंध्री सांगेन. अज्ञातवासातल्या द्रौपदीला राणी सुदेष्णेने कीचकाकडे मद्य आणायला पाठवले आहे. जायचे नाही आणि न जाऊन चालायचे नाही, ही कोंडी रविवर्म्यांनी शब्दाविना सांगितली आहे. चेहरा आधी पाहू नका. तिचे अंग कसे आखडले आहे ते पाहा, मग चेहऱ्याकडे या.

आमच्या घरातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी-सरस्वती इथलीच का?

तिचे मूळ याच परंपरेत आहे. या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, म्हणजे त्या सगळ्यांपर्यंत पोचतील, ही सूचना रविवर्म्यांना माधवरावांनीच केली होती. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. प्लेगनंतर तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. धंद्यात रविवर्म्यांना खोट आली आणि शेवटी तो छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पण तोवर मळवलीहून निघालेली चित्रे देशभरातल्या देवघरांत, दुकानांत आणि ओसऱ्यांवर जाऊन बसली होती.

म्हणून संग्रहालयात मूळ तैलचित्र पाहताना अनेकांना आधी ओळखीचे वाटते आणि मग धक्का बसतो. त्वचेचा उबदारपणा, जरीची चमक, मागच्या अंधारातले बारकावे यांतले काहीच छापात आलेले नसते.

ही चित्रे पहिल्यापासून याच इमारतीत होती का?

नाही. ती राजवाड्यासाठी केलेली आहेत. शाळेचे संग्रहालय झाल्यावर ती इथे आली. रविवर्म्यांची काही चित्रे आजही राजवाड्यात आहेत, म्हणून दोन्ही पाहावेत.

रविवर्म्यांशिवाय काय पाहण्यासारखे आहे?

ऑगस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराचे काम आवर्जून पाहा. सयाजीरावांनी त्याला बडोद्याला बोलावले होते. युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या कुशल हातांनी केलेल्या प्रती आहेत. त्यांना 'नकला' म्हणून नाक मुरडू नका. विलायतेला जाणे ज्यांना शक्य नव्हते त्यांना राफाएल किंवा तित्सिआन कसा रंगवतो हे दाखवण्याचा तोच एक मार्ग होता. चिनी-जपानी वस्तूंचा विभागही आहे. महाराज अनेकदा परदेशी जात आणि डोळसपणे खरेदी करत, त्याची ही साक्ष.

आत फोटो का काढू देत नाहीत?

तैलचित्र हे कापड, चुन्याखडूसारखा अस्तराचा थर, रंग आणि वर वार्निश असे बनलेले असते. यातला प्रत्येक थर उष्णतेला आणि दमटपणाला वेगवेगळा प्रतिसाद देतो. बडोद्याचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा म्हणजे कापड ताणायचे आणि सैल पडायचे, दर वर्षी. त्यातून रंगाला बारीक तडे जातात. प्रखर प्रकाशाने रंग फिके पडतात, वार्निश पिवळे होते. एका फोटोने काही बिघडणार नाही, पण दारातून आत येणारा प्रत्येक जण असेच म्हणतो. शिवाय खासगी संग्रहाच्या चित्रांवर न्यासाचा हक्क आहे. रखवालदाराशी हुज्जत घालू नका, तो त्याचे काम चोख करतो आहे.

ही चित्रे विकली जाऊन परदेशी जाऊ शकतात का?

परदेशी जाऊ शकत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली १९७९ मध्ये रविवर्म्यांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्या. त्यामुळे त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे.

किती वेळ ठेवावा? मुलांना कंटाळा येतो का?

सव्वा ते दीड तास शांतपणे पाहायला पुरतो. सोमवारी संग्रहालय बंद असते. सणावाराच्या दिवशी निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

मुलांना सगळी दालने दाखवायचा हट्ट धरला तर ती कंटाळणारच. आधी इंजिन दाखवा आणि इथे शाळा होती हे सांगा. मग घरी ऐकलेल्या गोष्टींतली दोन-तीन चित्रे निवडा आणि गोष्ट त्यांनाच सांगू द्या. 'हा कोण?' असे आपण विचारायचे. मत्स्यगंधा कोण हे मुलाला माहीत नसेल तर घरी जाऊन आजीला विचारू द्या. माझ्या अनुभवात मुलांना राजाच्या दागिन्यांपेक्षा राजाच्या मुलांना गृहपाठ असायचा का, यात जास्त रस असतो.

त्याच दिवशी आणखी काय पाहता येईल?

सकाळी म्युझियम, मग राजवाडा. आवारातली नवलखी बाव मिळाल्यास पाहा, ती राजवाड्याहून कितीतरी जुनी, पंधराव्या शतकातली आहे. दुपारनंतर कीर्तिमंदिर. तिथे नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत, आणि बडोद्यात येऊन ती न पाहता जाणे ही मोठी चूक ठरेल. रावपुऱ्याकडून येताना तांबेकर वाड्यात वाकडी वाट करा. लाकडी मराठा वाड्यातल्या भिंतींवर पुराणांतले प्रसंग रंगवलेले आहेत. रविवर्म्यांच्या आधी आपल्याकडे देवादिक कसे चितारत, हे त्या भिंतींवर दिसते. सकाळी तैलरंगातली द्रौपदी आणि दुपारी भिंतीवरची पुराणे एका दिवसात पाहिली की थोड्या काळात नजर किती बदलली ते वेगळे समजवावे लागत नाही.

आमच्या घरी राज्यातल्या नोकरीची जुनी कागदपत्रे, फोटो आहेत. त्यांचे काय करावे?

बडोद्यातल्या पुष्कळ मराठी कुटुंबांचे पूर्वज खानगी खात्यात, शाळांत, रेल्वेत, तोफखान्यात नोकरीला होते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले वाडे पाडून फ्लॅट होताना या घरांतल्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर नेमणुकीचे हुकूम, शाळेचे गटफोटो, शिक्षकांची पत्रेही जातात. राजपुत्रांच्या शाळेचा इतिहास राजवाड्याच्या दफ्तरात जेवढा असेल, तेवढाच तिथे काम केलेल्या शिक्षक-कारकून-शिपायांच्या घरांतही आहे.

ट्रंक उघडाल तेव्हा आधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शेजारी बसवा आणि फोटोतली माणसे ओळखून घ्या. नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेन नको. कागद मेणकापडात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, ओल धरते. टाचण्या आणि क्लिपा काढून टाका, त्यांचा गंज कागद खातो. फाटलेल्या हुकुमाला चिकटपट्टी लावू नका. प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्या, आणि कागद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय तो 'हिशेबाचा चिटोरा' समजून फेकू नका. गुजरात सरकारच्या पुराभिलेख खात्याचे बडोद्यात कार्यालय आहे आणि विद्यापीठात इतिहास विभाग आहे. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान प्रत तिथे दाखवा. मोतीबाग शाळेचा एखादा फोटो, वेळापत्रक किंवा पगारपत्रक तुमच्याकडे निघाले, तर ते फत्तेसिंह म्युझियमच्या कार्यालयातही नेऊन दाखवा.